आडनावावरून वाटलेली कामं

प्रश्न : ताई, मी जिल्हा न्यायालयात एका सीनिअरकडे ज्युनिअर आहे, दुसरं वर्ष चालू आहे. घरात माझ्याआधी वकील कोणी नाही. वडील एसटीत मेकॅनिक होते. माझ्यानंतर ऑफिसला आलेला मुलगा दिवाणी दाव्यांत साक्षीदार तपासतो. मी तारखा घेते, पुरसिस (कोर्टाला कळवायची लेखी टिपणं) लिहिते, झेरॉक्सला उभी राहते. वाटपाच्या एका दाव्यात उलटतपास मागितला तर सर हसून म्हणाले, "तुमच्याकडे पुढे अॅट्रॉसिटी आणि पोटगीच्या केसेस चिक्कार येतील. दिवाणी कशाला?" पक्षकारांना त्याची ओळख नाव, आडनाव, गाव अशी करून देतात. मी नुसती 'आमच्या मॅडम'. त्याला महिन्याला आठ हजार, मला पाच. मला न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आहे. वकिलीचा दाखला सरांनी अडवला तर? तक्रार करू का?
– एक वकील वाचक, मराठवाडा

उत्तर : आधी दाखल्याचं बघू, कारण त्याच्या धास्तीनेच तू बाकीचं गिळते आहेस. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा चालतो. नाहीतर तिथल्याच, किमान दहा वर्षं वकिली झालेल्या कोणत्याही वकिलाचा, त्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह. तो वकील तुझा सीनिअरच हवा, असं निकालात नाही. वर्षंही तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून धरायची आहेत. बार रूममध्ये तुला रोज उभी राहताना बघणारे दहा-पंधरा वर्षांचे वकील असतीलच. त्यांच्याशी आत्तापासून ओळख ठेव.

पण शेरा देणारा अधिकारी विचारेल, काम कुठं दिसतं? म्हणून पुढच्या प्रत्येक नव्या फायलीत वकीलपत्रावर तुझं नाव आणि सही घाल. याला सर सहसा नाही म्हणत नाहीत, तारखा घ्यायला त्यांनाही ते सोयीचं पडतं. तारखेला उभी राहिलीस की रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, हजेरी लागते का, ते स्वतः बघ. नुसतं "वकील हजर" असेल तर बेंच क्लार्कला नम्रपणे सांगून नाव घालून घे. दोनदा सांगितलंस की तिसऱ्यांदा तो आपणहून घालेल.

तक्रारीचं स्पष्टच सांगते, कारण तुला कायदा येतो आणि गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही. ज्युनिअर कागदोपत्री कुणाचा नोकर नसतो, त्यामुळे समान वेतनाच्या कायद्याचं दार तुला सहज उघडणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 च्या ऑक्टोबरात ज्युनिअरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला लागतो. चार भिंतींआडचा त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हितेश वर्मा खटल्यात सांगितलंय. उरलं वकील कायद्याचं कलम 35. व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तनाबद्दल महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण एका हसून मारलेल्या वाक्यावर ती टिकेल असं मला वाटत नाही. तरी तारीख, वाक्य आणि तेव्हा खोलीत कोण होतं, हे वहीत लिहून ठेव. हे वाढलं, पक्षकारांसमोर जातीवरून काही बोलणं झालं, तर ती वही लागेल.

सरांचं वाक्य जुनंच आहे. बाबासाहेबांनी 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटर त्यांच्याकडे काम पाठवत नसत. पोटासाठी बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवावा लागला. आणि त्याच काळात, 1926 साली, ब्राह्मणेतर चळवळीतले नेते जेधे-जवळकर यांच्यावरचा बदनामीचा खटला पुण्यात त्यांच्या बाजूने लढवून बाबासाहेबांनी जिंकला.

अॅट्रॉसिटीचं काम हलकं, असं मात्र मनात आणू नकोस. मी ती कामं केली आहेत. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने केला का, इथपासून कीस काढावा लागतो. सरांना ते हलकं वाटतं हा त्यांचा अडाणीपणा. तुला वाटपाचा दावा हवा असेल तर तोही तुझाच.

माझं मत विचारशील तर हे ऑफिस सोड, पण उद्या नाही. आधी दिवाणी काम शिकवणारा दुसरा सीनिअर बघ आणि पहिल्याच भेटीत विचार : उलटतपास कधी देणार, महिन्याला किती देणार. संकोच करू नकोस, मुलं विचारतात. निघताना ज्या फायलींत तुझं वकीलपत्र आहे त्यांची यादी कर. ज्यातून बाहेर पडायचं त्यात कोर्टाच्या परवानगीचा अर्ज दे, नाहीतर सहा महिन्यांनी कुणाचा तरी दावा तुझ्या गैरहजेरीत निकाली निघेल आणि पक्षकार तुझ्या दारात येईल. त्या अर्जांच्या प्रती जपून ठेव. दाखल्याच्या वेळी त्याही दाखवता येतील.