वाचकांचे प्रश्न : महामार्गाची आखणी आणि रस्त्याकाठची माणसे

प्रश्न : महामार्गाच्या चौपदरीकरणाआधी स्थानिकांची सभा घेतली जाते, पण तोवर नकाशे तयार झालेले असतात. लोकांना नेमके कोणत्या टप्प्यावर विचारले पाहिजे?

उत्तर : आखणी पक्की होण्यापूर्वी, म्हणजे आहे तोच रस्ता रुंद करायचा की वस्तीला वळसा घालायचा, भराव टाकून उंच करायचा की जमिनीलगत ठेवायचा, हे प्रश्न खरोखर खुले असतात तेव्हा. डेन्मार्कमधील आरहूस येथे १९९८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात हेच तत्त्व नोंदवलेले आहे. सर्व पर्याय खुले असताना, सुरुवातीलाच लोकांचा सहभाग घ्यावा, असे त्यातील सहावे कलम सांगते. दोन किंवा त्याहून कमी पदरी रस्त्याचे सलग १० किलोमीटर किंवा त्याहून अधिक लांबीचे चौपदरीकरण हेही त्या करारातील, असा सहभाग आवश्यक असलेल्या कामांच्या यादीत स्पष्टपणे आहे. त्यामुळे रस्ता जुनाच असून फक्त रुंद होत आहे, मग लोकांना काय विचारायचे, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही.

या टप्प्याचा आग्रह धरण्याचे कारण व्यावहारिक आहे. मोजणीच्या उपकरणांना जमिनीची उंची कळते, पण मोठ्या पावसात पाणी कोणत्या बाजूने येते आणि कुठे तुंबते, हे तिथे अनेक पावसाळे काढलेल्या माणसाला ठाऊक असते. भराव टाकला की तो पाण्याच्या वाटेत बांधासारखा उभा राहतो, आणि पाणी जाण्यासाठी रस्त्याखाली ठेवलेली मोरी चुकीच्या जागी किंवा अपुरी असली तर वरच्या अंगाची शेते व घरे पाण्याखाली जातात. ही माहिती आखणीच्या वेळी मिळाली तर मोरीची जागा नकाशावर सहज बदलता येते, परंतु भराव झाल्यावर तीच दुरुस्ती रस्ता फोडून करावी लागते.

रस्ता ओलांडण्याचेही तसेच आहे. प्रत्येकी साडेतीन मीटरचे दोन पदर असलेल्या रस्त्याची रुंदी सात मीटर होते. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस तो सुमारे सहा सेकंदांत ओलांडतो. चार पदर झाले की दुभाजकाची रुंदी न धरताही त्याला जवळजवळ बारा सेकंद लागतात, आणि वाहनांचा वेगही वाढलेला असतो. म्हाताऱ्या माणसाला आणि कडेवर मूल असलेल्या बाईला याहून अधिक वेळ लागतो. भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल लोकांच्या रोजच्या वाटेपासून दूर बांधला, तर बहुतेक जण वळसा घेण्याऐवजी दुभाजक ओलांडतात. याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्या वाटा आधी विचारल्या होत्या का, हे पाहिल्याशिवाय लोकांना दोष देणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : सभेत ठरावीक माणसेच बोलतात. बाकीच्यांचे म्हणणे कसे कळावे?

उत्तर : एकच मोठी सभा घेतली की हेच होणार. जमीन जाणारा मालक सभेला येतोच, कारण त्याचे नुकसान मोजता येण्याजोगे असते. भाड्याने राहणारे, रस्त्याकडेला छोटा व्यवसाय करणारे, मजूर, गुरे घेऊन जाणारे, शाळकरी मुले यांच्या नावावर जमीन नसते आणि बहुधा त्यांना निमंत्रणही नसते; रस्त्याशी त्यांचा संबंध मात्र रोजचा असतो. म्हणून नियोजनकर्त्यांनी त्यांच्याकडे जावे. स्त्रियांच्या वेगळ्या बैठका त्यांच्या सोयीच्या वेळी घ्याव्यात, मुलांबरोबर शाळेची वाट चालून पाहावी, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर उभे राहून चर्चा करावी, कारण तांत्रिक नकाशा वाचता न येणारा माणूस सभागृहात गप्प बसतो, पण जागेवर बोट दाखवून बोलतो. नवी कड कुठवर येणार हे चुन्याच्या रेषेने आखून दाखवले, तर अनेक गैरसमज तिथेच मिटतात.

संवाद कोण घडवतो, यालाही महत्त्व आहे. फ्रान्समध्ये १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक चर्चेसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. मोठ्या प्रकल्पांवरील चर्चा रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेवरच न सोपवता त्रयस्थाच्या देखरेखीखाली व्हावी, ही त्यामागची भूमिका मला योग्य वाटते.

प्रश्न : यामुळे काम रखडत नाही का?

उत्तर : सुरुवातीचे काही महिने वाढतात, हे खरे आहे. पण लोकांना डावलून आखलेले काम न्यायालयात अडकले, तर त्यात वर्षे जातात. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन आणि पॅरिस या गावांना जोडणारा सुमारे १२ मैलांचा दुपदरी रस्ता अपघातांमुळे धोकादायक ठरला होता. तो रुंद करण्याच्या योजनेला दोन्ही बाजूंच्या अश्वपालन केंद्रांचा आणि जुन्या दगडी कुंपणांचा विचार करून विरोध झाला, आणि १९७९ मध्ये न्यायालयाने काम थांबवले. पुढे स्थानिकांना सोबत घेऊन नवी आखणी झाली. जाणाऱ्या आणि येणाऱ्या मार्गिका जमिनीच्या चढउताराप्रमाणे वेगवेगळ्या ठेवल्या, कुंपणांचे दगड काढून ती पुन्हा रचली, आणि २००३ साली चौपदरी रस्ता पूर्ण झाला. लोकांना रस्ता नकोच होता असे नव्हे, त्यांना तो त्या भूमीला साजेसा हवा होता. हे संभाषण आधीच झाले असते, तर मधली कितीतरी वर्षे वाचली असती.

प्रश्न : प्रत्येक सूचना मान्य करणे अभियंत्यांना शक्य आहे का?

उत्तर : नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. प्रत्येक घरासमोर दुभाजक खुला ठेवला तर अपघात वाढतील. रस्त्यावरची वाहने दुप्पट झाली की आवाज साधारण तीन डेसिबलने (आवाज मोजण्याचे एकक) वाढतो, पण तो अडवणारी भिंत वाहने नजरेआड करण्याइतकी उंच असेल तरच उपयोगी पडते, त्यामुळे ती सगळीकडे बांधणेही व्यवहार्य नसते. मात्र काय बदलू शकते आणि काय बदलणार नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. आलेल्या सूचनांची यादी करून प्रत्येकीपुढे निर्णय आणि त्याचे कारण साध्या भाषेत लिहावे, आणि ती यादी निविदा काढण्यापूर्वी जाहीर करावी, म्हणजे उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारायला लोकांना वेळ मिळेल.