‘ॲट द रेट’मधला रेट कुठला?

सोमवारी सकाळी कामाला हात घालण्याआधी चघळायला बरा प्रश्न आलाय: ईमेलचा पत्ता सांगताना आपण @ ला ‘ॲट द रेट’ म्हणतो, त्यात रेट कुठून घुसला? आणि या चिन्हाला मराठीत नाव आहे का?

रेट घुसला दुकानातून. ‘१० नग @ ५ रुपये’, म्हणजे पाच रुपये दराने दहा नग. बिलांवर आणि हिशेबाच्या वह्यांत हे चिन्ह ईमेलच्या कितीतरी आधीपासून होतं. पुढे ते पत्त्यात जाऊन बसलं, तरी आपण जुन्या ओळखीनेच हाक मारत राहिलो. पत्त्यात दराचा काडीचा संबंध नाही. १९७१ साली पहिला नेटवर्क ईमेल पाठवणारे अमेरिकन प्रोग्रामर रे टॉमलिन्सन यांना माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्या मध्ये ठेवायला खूण हवी होती, तीही कुणाच्या नावात न येणारी. कळफलकावर @ रिकामंच बसलं होतं. ‘अमका, तमक्या यंत्रावर’ एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा नुसतं ‘ॲट’ म्हणणं बरोबर.

पण ‘रेट’वाल्यांना हसू नका. १५३६ साली फ्लोरेन्सच्या एका व्यापाऱ्याने सेव्हिलहून रोमला धाडलेल्या पत्रात हे चिन्ह दिसतं, ते वाइनच्या भावाजवळच. तिथे ते ‘अम्फोरा’ या मापासाठी आहे. स्पॅनिशमध्ये तर आजही याला ‘अरोबा’ म्हणतात, आणि अरोबा हे साधारण साडेअकरा किलोंचं जुनं वजन. म्हणजे भाव-मापाचं नातं ईमेलपेक्षा चार शतकं जुनं.

खरी गंमत बाकीच्यांची. त्यांनी अर्थाच्या भानगडीत न पडता नुसता आकार पाहिला. रशियन लोक याला कुत्रा म्हणतात (‘सोबाका’), इटालियन गोगलगाय, हंगेरियन अळी, ग्रीक बदकाचं पिल्लू. डच माणसाला माकडाची शेपटी दिसली, डॅनिश माणसाला सोंडवाला ए. तैवानमध्ये छोटा उंदीर. काही जणांना चक्क भूक लागली: हिब्रूत हे ‘श्ट्रुडेल’, म्हणजे गुंडाळलेला गोड पदार्थ, आणि चेकमध्ये गुंडाळी केलेला खारवलेला मासा!

आपल्याला हे जमत नाही असं थोडंच आहे? शेंडीफोड्या श आणि पोटफोड्या ष अशी नावं ठेवणारी भाषा आपली. फरक इतकाच, की श-ष आपल्याला पाटीवर भेटले आणि @ बिलावर. पाटीवर भेटला असता तर मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं असतं.

आता नाव ठेवायचंच, तर ‘जिलबी’ पहिली सुचते. पण नेटवर ‘जिलब्या पाडणे’ आधीच वेगळ्या उद्योगासाठी, म्हणजे धडाधड फुटकळ लेख टाकण्यासाठी, राखीव आहे. ‘शेपटीवाला ए’ बिनचूक, पण फोनवर लांबतो. माझं मत चकलीला. चकली पाडून झाली की टोक दाबून चिकटवावं लागतं, नाहीतर तेलात सुटते. @ म्हणजे टोक दाबायचं राहून गेलेली चकली. शिवाय सांगायला सुटसुटीत: आधी नाव, मग चकली, मग जीमेल.

बँकेचा फॉर्म भरताना मात्र काउंटरवर ‘ॲट’च म्हणा. मागे रांग असते.