‘लकी गिट’ म्हटलं, तर राग मानायचा का?

प्रश्न: आमची टीम लंडनच्या टीमबरोबर काम करते. दिवाळीला आठवडाभर रजा घेतोय म्हटल्यावर तिकडचा सहकारी हसत म्हणाला, ‘यू लकी गिट!’ ही शिवी ना? आणि आम्ही रोज वापरतो ते ‘गिट’ सॉफ्टवेअर याच शब्दावरून का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर: शिवीच आहे, पण इथे राग मानू नका. ‘गिट’ म्हणजे मूर्ख किंवा तापदायक माणूस, आणि बहुतेक वेळा पुरुषच. त्याच्या आधी सहसा विशेषण येतं आणि वजन तेच ठरवतं. ‘लकी गिट’, ‘जॅमी गिट’ म्हणजे ‘नशीब काढलंस लेका!’ ‘मिझरेबल ओल्ड गिट’ म्हणजे खडूस म्हातारा. ‘स्टुपिड गिट’ मात्र सरळ अपमान. आपला ‘लेकाचा’ असाच लाडातही चालतो, रागातही. मुळातही दोघं जवळचे: ‘गिट’ हे ‘गेट’ (get) या शब्दाचं रूप, आणि स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडकडे ‘गेट’ म्हणजे पोर, त्यातही अनौरस. आज बोलणाऱ्याच्या मनात हे काही नसतं.

ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ या प्रसारण नियामकाने २०१६ मध्ये ‘गिट’ला ‘ब्लडी’सोबत सौम्य शब्दांत बसवलं. तरी तिथल्या संसदेत तो असंसदीयच मानला गेला आहे. कानावर ‘वँकर’ पडला तर तो याच्या पंक्तीतला समजू नका. तो कितीतरी जड आणि अश्लील आहे.

उत्तरादाखल हसून ‘चीअर्स’ (तिकडे याचा अर्थ ‘थँक्स’) म्हणा, पुरे. स्वतः वापरायची घाई नको. समोरच्याने आधी तुमच्याशी तो वापरलेला असावा, तो तुमच्या बरोबरीचा असावा आणि विशेषण ‘लकी’सारखंच असावं. ईमेल-चॅटमध्ये टाळाच: लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो, आणि उरते ती नुसती शिवी. साहेबाला किंवा क्लायंटला तर कधीच नाही.

सॉफ्टवेअरचं नाव याच शब्दावरून आलं. कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं हे सॉफ्टवेअर ‘लिनक्स’ या ऑपरेटिंग सिस्टीमचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्याच कामासाठी लिहिलं. ‘मी अहंमन्य माणूस, माझ्या प्रकल्पांना माझीच नावं देतो; आधी लिनक्स, आता गिट’ अशा अर्थाचं त्यांचं विधान प्रसिद्ध आहे. त्यामुळे ‘गिटवर टाकलंय’ हे लंडनच्या टीमलाही बिनधास्त म्हणा. अमेरिकेत ही शिवी फारशी चालत नाही; तिथल्या सहकाऱ्याला ‘लकी गिट’ म्हणालात तर त्याला बहुधा सॉफ्टवेअरच आठवेल.