बेरीज चुकली? आधी टाइप बघ

मासळीच्या बिलाच्या फॉर्ममध्ये बेरीज २५० यायच्या ऐवजी २००५० का येते, असं विचारलंस. अरे, गणित तुझं चुकलेलं नाही. बांगड्यांचे २०० आणि सुंगटांचे (कोळंबीचे) ५० मिळून २००५० आले, कारण फॉर्ममधल्या चौकटीतली किंमत जावास्क्रिप्टला स्ट्रिंग म्हणूनच मिळते. म्हणजे तिचा टाइप (माहितीचा प्रकार) आकडा नसून नुसता मजकूर असतो. अधिकच्या चिन्हाला एका बाजूला जरी स्ट्रिंग दिसली तरी ते बेरीज सोडून चिकटवाचिकटवी करतं. वजाबाकी मात्र बरोबर येते, १५०. म्हणून तर ही चूक लवकर सापडत नाही. मी म्हापशातल्या एका दुकानाला बिलिंग करून दिलं होतं, तेव्हा शुक्रवारच्या ऐन बाजारात एका गिऱ्हाइकाच्या हातात वीस हजारांचं बिल पडलं. दुकानदार अजून चिडवतो.

सुरुवातीला एवढंच पाळ:

- किंमत हातात आली की तिथल्या तिथे नंबर फंक्शनमधून काढ, ते मजकुराचा आकडा करतं. बेरीज करताना बघू, असं नको.
- चौकट रिकामी असेल तर हेच फंक्शन मुकाट्याने शून्य देतं. फुकट मासळी गेलीच समज! रिकामं आहे का, ते आधी तपास.
- तुलनेला तीन बरोबरची चिन्हं. दोन लावलीस तर भाषा न विचारता टाइप बदलते.

आणि हो, मी इथे आकडे देवनागरीत लिहिलेत, कोडमध्ये तसे लिहू नकोस. देवनागरी २०० नंबरला दिलेस तर नॅन, म्हणजे 'हा आकडा नाही' अशी खूण मिळेल.

नल, ऑब्जेक्ट वगैरे बाकीच्या टाइपांचं रूपांतर सध्या राहू दे. आज त्या दोन किमतींचा टाइपऑफ (टाइप कोणता ते तो सांगतो) ब्राउझरच्या कन्सोलवर, म्हणजे कोडचे निरोप दिसतात त्या खिडकीत, छाप आणि काय येतं ते सांग.