पहिलेच पुस्तक आधी वाचावे का?

प्रश्न : रहस्यकथा मी लहानपणापासून वाचत आले आहे, परंतु त्या बहुतेक जुन्या इंग्रजी वळणाच्या आहेत. वाडा, पाहुणे, एक प्रेत आणि शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात बोलावून उलगडा करणारे कोणीतरी, असा तो साचा. आता आधुनिक अमेरिकी पोलीस-तपासकथांकडे वळावेसे वाटते, पण एकेका मालिकेत वीस-वीस, कधी पन्नासहून अधिक पुस्तके पाहून धीर सुटतो. कोणती मालिका निवडावी? ती पहिल्या पुस्तकापासून क्रमानेच वाचायला हवी का? फार रक्तपात मला सोसत नाही. तपास कसा चालतो, यात खरा रस आहे. – एक वाचिका

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. मालिका निवडताना बहुतेक जण नायक कोण, शहर कोणते, गुन्हे किती भीषण, हे पाहतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट पाहावी : त्या मालिकेत काळ पुढे सरकतो का? नायकाचे वय वाढत असेल, त्याची बदली, निवृत्ती, घरातले मृत्यू हे सारे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत असेल, तर क्रमाला अर्थ आहे. तसे नसेल, तर हाताला लागेल ते पुस्तक उघडावे.

काळ जवळजवळ थांबवून ठेवणाऱ्या मालिकेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एड मॅकबेन यांची ‘एटीसेव्हन्थ प्रिसिंक्ट’ ही मालिका. तिचे पहिले पुस्तक ‘कॉप हेटर’ १९५६ साली आले आणि शेवटचे २००५ साली. या सुमारे पन्नास वर्षांत पन्नासहून अधिक कादंबऱ्या झाल्या, तरी डिटेक्टिव्ह स्टीव्ह कॅरेला चाळिशीच्या आसपासच रेंगाळत राहिला. शहर काल्पनिक आहे, पण न्यूयॉर्क ओळखणाऱ्याला ते लगेच ओळखू येते. या मालिकेचे मोठेपण असे की तिचा नायक एक माणूस नसून पोलीस ठाण्यातला संपूर्ण गुप्तहेर-विभाग आहे. एक जण साक्षीदाराकडे जातो, दुसरा बंदुकीचा माग काढतो, तिसरा दिवसभर चुकीच्या माणसामागे फिरून रिकाम्या हाताने परततो, आणि या तीन कंटाळवाण्या कामांच्या सांध्यावर उलगडा सापडतो. मॅकबेन मध्येच पोलिसांचे छापील अर्ज आणि अहवाल पानावर जसेच्या तसे मांडतात. तपासाची कागदपत्रे वाचण्याची आपल्याला हौस असेल तर ती इथे पुरेपूर भागेल. आरंभीच्या कादंबऱ्या आटोपशीर आहेत, एखाद्या सुट्टीच्या दिवशी संपतील अशा. १९५९ सालच्या ‘किंग्ज रॅन्सम’पासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. अपहरणकर्त्यांनी चुकून भलताच मुलगा पळवला तर श्रीमंत माणसाने खंडणी द्यावी का, असा त्यातला पेच आहे, आणि त्याचा मोह पुढे जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनाही पडला. त्यांनी १९६३ साली त्यावर चित्रपट केला.

मॅकबेन यांची जुनी पुस्तके वाचताना एक साल मात्र ध्यानात ठेवावे. ‘मिरांडा विरुद्ध अ‍ॅरिझोना’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली निकाल दिला आणि अटकेतील माणसाची चौकशी करण्यापूर्वी त्याला गप्प राहण्याचा व वकील घेण्याचा हक्क सांगणे पोलिसांवर बंधनकारक झाले. त्याआधीच्या कादंबऱ्यांतली चौकशीची खोली आणि नंतरच्या कादंबऱ्यांतली खोली या एकच नव्हेत. आधीच्या खोलीत कबुलीजबाब मिळाला की तपास जवळपास संपला. नंतरच्या खोलीत तो न्यायालयात टिकेल का, ही चिंता तिथूनच सुरू होते. माझ्या समजुतीने अमेरिकी पोलीस-तपासकथेला जो आधुनिक ताण आहे, त्याचा बराचसा भाग या एका चिंतेतून आला आहे. (त्या जुन्या पुस्तकांतील स्त्रियांची वर्णने आज खटकतात, हेही सांगून ठेवतो.)

याच्या अगदी उलट टोकाला मायकेल कॉनेली यांचा, लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातला डिटेक्टिव्ह हॅरी बॉश आहे. कॉनेली हे पूर्वी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे गुन्हेवार्ताहर होते, आणि पोलीस खात्यातली कामाची बोली त्यांच्या लेखनात सहज येते. उदाहरणार्थ, खुनाच्या प्रत्येक तपासाची जी जाडजूड फाइल ठेवली जाते तिला तिथे ‘मर्डर बुक’ म्हणतात, आणि बॉशच्या अनेक कथा अशा एखाद्या फाइलवरची धूळ झटकण्यापासून सुरू होतात. ‘द ब्लॅक एको’ (१९९२) या पहिल्या पुस्तकात धरणाजवळच्या एका पाइपात प्रेत सापडते आणि ते व्हिएतनाम युद्धात बॉशबरोबर भुयारांत उतरलेल्या सैनिकाचे निघते. या मालिकेत पुस्तके जशी पुढे सरकतात तसा बॉशही म्हातारा होत जातो : नोकरी सोडतो, परत येतो, त्याला मुलगी आहे हे त्याला उशिरा कळते. अशी मालिका मधूनच उघडली तर रहस्य कळेल, पण माणूस कळणार नाही. म्हणून बॉश घ्यायचाच असेल तर पहिल्यापासून घ्यावा आणि चौथ्या ‘द लास्ट कोयोटी’ (१९९५) या पुस्तकाशी थांबून विचार करावा. त्यात तो स्वतःच्या आईच्या, कित्येक वर्षे उलगडा न झालेल्या खुनाचा तपास हाती घेतो. तो वाचूनही बॉशविषयी ओढ वाटली नाही, तर पुढच्या पुस्तकांनी ती वाटेल असे नाही. मात्र तिसऱ्या ‘द काँक्रीट ब्लाँड’मध्ये स्त्रियांच्या मालिका-खुनांचा विषय आहे, आपण रक्तपाताविषयी लिहिले आहे, तेव्हा ते पुस्तक सरळ ओलांडले तरी चालेल.

आता आपल्याला नेमकी कोणती मालिका सुचवावी, याविषयी माझ्या मनात फारसा संदेह नाही. आपण टोनी हिलरमन घ्यावेत. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला नवाहो लोकांचा प्रदेश आणि तिथले नवाहो आदिवासी पोलीस हा त्यांच्या १८ कादंबऱ्यांचा विषय आहे. लेफ्टनंट जो लीपहॉर्न हा तर्काने चालणारा, भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचून घटनांची संगती लावणारा अधिकारी. जिम ची हा त्याच्याहून तरुण, पोलिसाची नोकरी करताकरताच नवाहो उपचारविधींतील गायक होण्याचे शिक्षण घेणारा. एकाच खुणेकडे दोघे पाहतात आणि दोघांना वेगळे काही दिसते.

तपासाच्या कार्यपद्धतीत रस असणाऱ्याला इथे आणखी एक मेजवानी आहे. आदिवासी भूमीवर आदिवासी व्यक्तीने केलेला खून हा १८८५ सालच्या कायद्यापासून केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे तपास एफबीआयचा असतो. ज्यांना तिथली भाषा येते आणि कोणाच्या घराबाहेर गाडीतच किती वेळ थांबून राहावे हे ठाऊक असते, त्यांच्याकडे अधिकार नाही. आणि ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांना दार कसे ठोठवावे हेही कळत नाही. लीपहॉर्न आणि ची यांना पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या निमित्ताने खुनाच्या जवळ जावे लागते, आणि या आडवाटेत कथेची खरी गंमत आहे. हिलरमन स्वतः नवाहो नव्हते, ते पत्रकार आणि प्राध्यापक होते. तरी नवाहो समाजाने १९८७ साली त्यांचा ‘विशेष मित्र’ म्हणून गौरव केला.

या मालिकेत पहिल्या पुस्तकाचा आग्रह धरणे मात्र चुकीचे ठरेल. ‘द ब्लेसिंग वे’ (१९७०) मध्ये कथेचा भार एका मानववंशशास्त्रज्ञावर आहे आणि लीपहॉर्न बऱ्याच अंशी कडेला उभा आहे. लेखकाला आपला नायक तेव्हा पुरता सापडलेला नव्हता. आपण ‘स्किनवॉकर्स’ (१९८६) पासून सुरू करावे, कारण लीपहॉर्न आणि ची त्यात प्रथमच एकत्र काम करतात. त्यानंतर ‘अ थीफ ऑफ टाइम’ (१९८८) वाचावे. ही दोन आवडली तर मागे वळून ‘डान्स हॉल ऑफ द डेड’ (१९७३) घ्यावे.

प्रश्न : खासगी गुप्तहेराच्या मालिका या प्रकारात मोडतात का?

उत्तर : काटेकोरपणे पाहता नाही. खासगी गुप्तहेराला प्रयोगशाळा नाही, झडतीचे वॉरंट नाही, आणि वरिष्ठही नाही. त्याला लोकांनी आपणहून बोलावे लागते. तरीही तपासाची चिकाटी पाहायची असेल, तर स्यू ग्राफ्टन यांची किन्सी मिलहोन पाहावी. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ही मालिका १९८२ पासून २०१७ पर्यंत चालली, पण कथेतला काळ एकोणीसशे ऐंशीच्या दशकाबाहेर गेलाच नाही, त्यामुळे किन्सी टाइपरायटरवर आणि कागदी नोंदींवरच काम करत राहते. ‘वाय’पर्यंत पोहोचून त्याच वर्षी ग्राफ्टन यांचे निधन झाले आणि ‘झेड’ लिहिले गेलेच नाही.

प्रश्न : हॅरी बॉशवरची दूरचित्रवाणी मालिका मी पूर्ण पाहिली आहे. आता पुस्तके वाचण्यात काही उरले आहे का?

उत्तर : पुष्कळ उरले आहे. पहिल्या हंगामातच ‘सिटी ऑफ बोन्स’, ‘एको पार्क’ आणि ‘द काँक्रीट ब्लाँड’ या तीन कादंबऱ्यांचे धागे एकत्र विणले आहेत, त्यामुळे कोणतेही एक पुस्तक आपण जसेच्या तसे पाहिलेले नाही. शिवाय पडद्यावरचा बॉश वयाने लहान आहे आणि त्याचे युद्ध व्हिएतनाममधले नाही. पुस्तकांत ती भुयारे त्याच्या झोपेतही येतात. आपल्याला मात्र मी ‘द ब्लॅक एको’ऐवजी ‘द क्लोझर्स’ (२००५) सुचवेन. बॉश त्यात निवृत्ती सोडून खात्यात परत येतो आणि १९८८ साली मारल्या गेलेल्या एका मुलीची मर्डर बुक पहिल्या पानापासून वाचू लागतो. आपल्यालाही ती त्याच्याबरोबरच वाचावी लागेल, आणि ते काम पडद्यावर दाखवणे फार अवघड आहे.