एकच वास धर

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीवरचा तुझा मसुदा वाचला. चारदा सुरुवात केलीस आणि चारही वेळा 'प्रेमळ', 'मायाळू'पाशी अडलीस. अडणारच. ते शब्द कुणाच्याही आजीला चालतात. एकच वास धर. एकच.

ती फोडणी देताना कढईकडे बघायची नाही, हे तू ओझरतं लिहून पुढे गेलीस. अगं, लेख तिथेच आहे! तेल नीट तापलं नसेल तर मोहरी तडतडत नाही, दाताखाली कच्ची लागते. तडतड ओसरायला लागली की हिंग, लगोलग कढीपत्ता. हिंग जरा जास्त राहिला की करपट वास सुटतो. आजी हे सगळं कानानं आणि नाकानं ओळखायची. का? नजर अधू झाली होती, की तोंड तुझ्याकडे करून पाढे म्हणून घेत होती? ते शोध.

आता असं कर. खरोखरच फोडणी दे, गॅस बंद कर आणि तिथेच दहा मिनिटं हातानं लिही. उशीर नको. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं, मग 'छान वास आला' एवढंच हाती उरतं. 'आठवण', 'बालपण', 'छान' बंद. 'सुगंध'सुद्धा बंद. खमंग, खरपूस, खवट, कुबट, आंबूस, उग्र, एवढे शब्द पडलेत मराठीत. नेमका तो उचल. मेंदूत वासाची वाट स्मृती आणि भावनांच्या भागांना थेट जाऊन भिडते, त्यामुळे वासामागून कुणाचा हात, कुणाचं वाक्य येईलच. येऊ दे. पण पाचही इंद्रियांची हजेरी घेत बसू नकोस, लेखाची यादी होते. एकच वास आणि त्याला चिकटून आलेलं तेवढंच.

मी हट्टी आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. माझी कितीतरी पानं नुसती भावनांची नावं लिहिण्यात गेली. ज्यांच्यावर लिहिलं ती माणसं आता विचारायला नाहीत, त्यांच्या स्वयंपाकघराचा वास मला कुठूनही आणता येत नाही. म्हणून तुझ्या मागे लागते, आणि लागणार.

'आज आजी नाही, पण...' हा शेवटचा परिच्छेद काप. वाचकाला ते केव्हाच कळलंय. कढई उतरली, तिथे थांब.

तीनशे शब्दांच्या आत लिहून रविवारपर्यंत पाठव. 'प्रेमळ' दिसला, तर त्या ओळीवरूनच परत पाठवीन.