स्टेल्थ विमान रडारवर दिसतच नाही म्हणतात, मग देश त्याच्यासाठी रडार बनवायला एवढा पैसा का ओततात?

"दिसतच नाही" हे खरं नाही, घोळ तिथेच होतो. स्टेल्थ विमान दिसतं, पण फार उशिरा दिसतं. रडारचं गणित असं की विमानाकडून परत येणारा प्रतिध्वनी दहा हजार पटीने कमी झाला तरी ते ज्या अंतरावर सापडतं ते अंतर दहा पटीनेच कमी होतं. म्हणजे साधं विमान ४०० किमीवर दिसत असेल तर हे ४० वर दिसणार. आता ताशी ९०० किमीचा वेग धरा, ४०० किमी म्हणजे हातात २६ मिनिटं आणि ४० किमी म्हणजे जेमतेम पावणेतीन. पावणेतीन मिनिटांत सायरन वाजवायचा, वरिष्ठांना विचारायचं, क्षेपणास्त्र तयार करायचं, कसं जमणार? देश पैसे मोजतात ते ही गेलेली मिनिटं परत मिळवायला.

आणि ती मिळतात, हे सर्बियात सिद्ध झालंय. २७ मार्च १९९९ च्या रात्री बुदानोव्ची गावाजवळ कर्नल झोल्तान दानींच्या सर्बियन क्षेपणास्त्र तुकडीने, नाटोचे बॉम्बहल्ले चालू असताना, अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं. याच जातीची विमानं १९९१ च्या आखाती युद्धात बगदादवर बॉम्ब टाकून सहीसलामत परत आली होती. दानींकडे काय होतं तर १९७० च्या सुमाराचं सोव्हिएत पी-१८ रडार. त्याचा फोटो बघा एकदा, दोन ओळींत सोळा अँटेना, अगदी आपल्या गच्चीवर टीव्हीचा असायचा ना तसाच काड्याकाड्यांचा.

ते साम्य उगाच नाही. टीव्हीच्या त्या लहरी मीटर-दोन मीटर लांबीच्या, पी-१८ च्या पण तशाच. स्टेल्थ विमानाचा आकार ठरतो तो मुख्यतः क्षेपणास्त्राला दिशा देणाऱ्या रडारच्या तीनेक सेंटीमीटरच्या लहरींसाठी, त्या तिरक्या पृष्ठभागावरून भलतीकडे उडून जातात, उरलेल्या लहरी विमानावरच्या खास लेपात जिरतात. पण लहर शेपटीएवढी किंवा पंखाच्या टोकाएवढी लांब झाली की तो तिरकेपणा फारसा कामी येत नाही, अख्खा भागच झंकारल्यासारखा प्रतिसाद देतो. आमच्याकडे पुण्यात सिंहगडावरून दूरदर्शन यायचं तेव्हा लोहगावचं विमान डोक्यावरून गेलं की चित्र थरथरायचं, आई म्हणायची अँटेना हलला वाटतं. अँटेना जागेवरच असायचा, विमानावर आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळायची. आज काही देश नेमकं हेच वापरतात, स्वतः काहीच प्रक्षेपण न करता रेडिओ-टीव्हीच्या लहरींत विमान शोधतात, त्यामुळे शत्रूला रडार कुठे आहे तेच कळत नाही.

मीटर लहरींची अडचण पण आहे, विमान साधारण कुठे आहे एवढंच कळतं, नेमकी जागा नाही. क्षेपणास्त्र त्यावर सोडता येत नाही. दानींनी म्हणून पी-१८ वर अंदाज घेतला आणि नेम धरणारं रडार काही सेकंदच चालू केलं, जास्त वेळ ठेवलं असतं तर रडारचाच माग काढणारं अमेरिकन क्षेपणास्त्र त्यांच्यावर येऊन पडलं असतं. अख्ख्या युद्धात एवढं एकच एफ-११७ पडलं हेही खरं, तेव्हा स्टेल्थ निकामी झालं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्या रात्रीनंतर हे विमान पडूच शकत नाही असं धरून कोणी मोहीम आखू शकत नव्हतं, माझ्या मते रडारचा अर्धा फायदा तिथेच वसूल होतो.

चीन स्टेल्थ शोधणारी रडार बनवण्यात एवढा का उतरलाय तेही यावरून कळेल, शेजारी जपान आणि दक्षिण कोरियाकडे एफ-३५ ही अमेरिकी स्टेल्थ विमानं आहेत. आणि आपल्या बाजूने बघाल तर चीनचं स्वतःचं स्टेल्थ विमान जे-२० हे २०१७ पासून सेवेत आहे, शिवाय आपल्यामध्ये हिमालय. डोंगराआडचं रडारला तसंही दिसत नाही, त्यामुळे लडाखमध्ये साध्या विमानासाठीसुद्धा मिनिटं कमीच मिळतात, तिथे स्टेल्थ आलं तर किती उरतील ते वरच्या गणिताने काढून बघा.